पाटी वाचली, माल पाहिला का?



मागच्या अंकात आपण डिमॅट खाते म्हणजे काय, ते कसे उघडायचे आणि त्यात शेअर कसे जमा होतात ते पाहिले. त्यानंतर जी पत्रे आणि फोन आले, त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा होता. ‘मोबाईलवर कंपनीचे नाव टाकले की इंग्रजी अक्षरांची पाच-सहा नावे खाली येतात. कुठे तीनच अक्षरे, कुठे दहा, कुठे नुसता आकडा. यातले आपले कोणते?’

प्रश्न साधा वाटतो. पण याच प्रश्नाने आमच्या घरात एकदा मोठा घोळ घातला होता. तेव्हा या महिन्यात आधी तो घोळ सांगतो आणि मग या अक्षरांचा आणि आकड्यांचा अर्थ सांगतो.

आमच्या आपाचा मुलगा नगरच्या एमआयडीसीत एका लहान वर्कशॉपमध्ये कामाला आहे. अम्मीला उमराहला पाठवायचे म्हणून तो दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकतो. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात चहाच्या टपरीवर त्याने ऐकले की ‘टीआय’चा शेअर चांगला आहे. बोलणाऱ्याचे म्हणणे खोटे नव्हते. नगरच्या एमआयडीसीत विजेच्या मोटारी बनवणारी सीजी पॉवर, म्हणजे आपल्याकडचे लोक आजही जिला ‘क्रॉम्प्टन’ म्हणतात ती कंपनी, २०२० मध्ये ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स ऑफ इंडिया या चेन्नईच्या कंपनीने ताब्यात घेतली. या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सलाच बोलण्यात लोक ‘टीआय’ म्हणतात. हर्क्युलस आणि बीएसए सायकली हिच्याच.

भाच्याने मोबाईलवर इंग्रजीत टी आणि आय ही दोन अक्षरे टाकली. वर लगेच ‘टीआय’ आले. भाव अडीचशेच्या आसपास. त्याला वाटले, स्वस्त आहे, आपल्याला झेपेल. त्याने छत्तीस शेअर घेतले, नऊ हजारांचे.

दोन-तीन महिन्यांनी बँकेत लाभांशाचे थोडे रुपये जमा झाले. मेसेजमध्ये कंपनीचे नाव होते. भाच्याला त्यातले काही कळले नाही, पण दुल्हाभाईंनी मेसेज पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. त्यांची उमर श्रीरामपूर भागात ट्रकवर गेली आहे.

“अरे, हे तर आपल्या टिळकनगरचं नाव आहे. ही सायकलवाली कंपनी नाही. ही दारूची कंपनी आहे.”

भाचा रात्रीच आमच्याकडे आला. “मामू, हे असं कसं झालं? मी तर टीआयच घेतलं होतं.”

खरे होते. त्याने टीआयच घेतले होते. राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईवर, ‘टीआय’ हे टिळकनगर इंडस्ट्रीजचे चिन्ह आहे. ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सचे चिन्ह आहे ‘टीआयइंडिया’, टीआय आणि इंडिया एकत्र जोडून. तिचा एक शेअर त्या वेळी चार हजारांच्या आसपास होता. अडीचशे कुठे आणि चार हजार कुठे! पण ‘स्वस्त’ दिसले की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

ही अक्षरे आली कुठून?

शेअरच्या या लघुनावाला इंग्रजीत टिकर किंवा सिम्बॉल म्हणतात. १८६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड कॅलहन याने तारेवर चालणारे एक यंत्र केले. शेअर बाजारातले भाव ते कागदाच्या अरुंद फितीवर छापत जाई आणि छापताना टिकटिक वाजे. म्हणून ते टिकर. फीत अरुंद, तार सावकाश, त्यामुळे कंपनीचे लांबलचक नाव छापायला ना जागा ना वेळ. मग एक-दोन-तीन अक्षरांत नाव उरकायची रीत पडली. यंत्र गेले, फीत गेली, रीत राहिली.

आपल्याकडे मुंबईचा शेअर बाजार १८७५ चा. त्याआधी दलाल टाऊन हॉलच्या परिसरात वडाच्या झाडाखाली जमून सौदे करत. पुढे इमारत झाली तरी १९९५ पर्यंत तिथे ओरडून आणि हातवारे करूनच सौदे होत. ओरडणाऱ्याला कंपनीचे बोली नाव पुरे होते. १९९४ मध्ये एनएसईने आणि १९९५ मध्ये मुंबई बाजाराने शेअरचे सौदे संगणकावर सुरू केले. संगणकाला ‘तेच ते, आपलं नेहमीचं’ असे सांगून चालत नाही. त्याला प्रत्येक कंपनीसाठी एकच आणि पक्की खूण लागते. आज आपल्या मोबाईलवर दिसतात त्या या खुणा.

एका शेअरची तीन नावे

आपल्या गाडीला जसा नंबर असतो, इंजिनावर वेगळा क्रमांक कोरलेला असतो आणि घरात तिला आपण तिसऱ्याच नावाने हाक मारतो, तसेच शेअरचे आहे.

पहिली खूण एनएसईची. ही इंग्रजी अक्षरांत असते आणि बहुधा नावावरून ओळखू येते. रिलायन्स इंडस्ट्रीजचे चिन्ह ‘रिलायन्स’, स्टेट बँकेचे ‘एसबीआयएन’, इन्फोसिसचे ‘इन्फी’ असे उच्चारता येईल असे. जास्तीत जास्त दहा अक्षरांत हे काम भागवलेले असते. त्यामुळे मोठी नावे तुटतात. एक्साइड इंडस्ट्रीज, जिचा बॅटरीचा कारखाना आपल्या नगरलाही आहे, तिचे चिन्ह ‘एक्साइडइंड’ एवढ्यावर थांबते.

दुसरी खूण मुंबई शेअर बाजाराची, म्हणजे बीएसईची. हा सहा आकडी क्रमांक असतो आणि शेअरसाठी तो पाचने सुरू होतो. रिलायन्स ५००३२५, इन्फोसिस ५००२०९, टिळकनगर इंडस्ट्रीज ५०७२०५, ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स ५४०७६२. नगरला ज्या कंपनीने लुना बनवली, जिच्यावर बसून आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील शाळेत शिकवायला किंवा दुकानावर जात, त्या कायनेटिक इंजिनिअरिंगचा क्रमांक ५००२४०.

तिसरी खूण सगळ्यांत पक्की. तिला आयसिन म्हणतात. बारा अक्षरे आणि आकडे मिळून ती होते. रिलायन्सची आयसिन आहे आयएनई००२ए०१०१८. तिचे तुकडे पाडून पाहू. ‘आयएन’ म्हणजे भारत. ‘ई’ म्हणजे ही कंपनी आहे. म्युच्युअल फंड असता तर इथे ‘एफ’ आले असते. ‘००२ए’ ही त्या कंपनीची खूण. पुढचे ‘०१’ म्हणजे हा साधा शेअर आहे, कर्जरोखा नाही. त्यापुढचा ‘०१’ हा अनुक्रम, आणि शेवटचा ‘८’ हा फक्त पडताळणीचा आकडा. मधला एखादा आकडा चुकून वेगळा लिहिला गेला तर शेवटच्या आकड्याचा हिशेब जुळत नाही आणि संगणक चूक पकडतो.

एनएसईचे आणि बीएसईचे चिन्ह वेगवेगळे असले तरी आयसिन दोन्हीकडे एकच असते. डिमॅटचे जे पत्रक दर महिन्याला किंवा सहा महिन्यांनी ईमेलवर येते, त्यात प्रत्येक शेअरपुढे आयसिन छापलेली असते. बहुतेक लोक हे पत्रक उघडतच नाहीत. आमची विनंती आहे, एकदा उघडा आणि घरातल्या जाणत्या मुलामुलीला शेजारी बसवून वाचा.

चिन्हामागचे शेपूट

कधी कधी चिन्हापुढे आणखी दोन अक्षरे दिसतात. ही दोन अक्षरे खूप काही सांगतात.

एनएसईवर ‘ईक्यू’ म्हणजे नेहमीची खरेदी-विक्री. ‘बीई’ असेल तर सावध. अशा शेअरमध्ये सकाळी घेऊन दुपारी विकता येत नाही, प्रत्येक सौद्यात शेअर घ्यावा किंवा द्यावाच लागतो. एखाद्या शेअरमध्ये संशयास्पद उलाढाल वाढली की बाजार त्याला बरेचदा या रांगेत उभा करतो. ‘एसएम’ आणि ‘एसटी’ म्हणजे लहान उद्योगांचा वेगळा बाजार; तिथे एक-दोन शेअर घेता येत नाहीत, मोठा गठ्ठाच घ्यावा लागतो.

बीएसईवर गट असतात. ‘ए’ गटात नेहमी उलाढाल होणाऱ्या मोठ्या कंपन्या. ‘टी’ म्हणजे वर सांगितलेल्या बीईसारखेच. आणि ‘झेड’ गट म्हणजे ज्या कंपन्यांनी बाजाराचे नियम पाळलेले नाहीत अशा. व्हॉट्सॲपवर कुणी ‘दोन रुपयांचा शेअर आहे, वीस होणार’ असा मेसेज पाठवला, तर आधी त्याचा गट पाहा. बरेचदा तिथेच उत्तर मिळते.

नाव बदलते, नंबर राहतो

आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पण गाड्यांवर एमएच १६ होते ते एमएच १६ च राहिले आणि श्रीरामपूरचे एमएच १७. शेअर बाजारातही असेच होते. कंपनीचे नाव बदलले की एनएसईचे चिन्ह बरेचदा बदलते, बीएसईचा आकडा मात्र सहसा तोच राहतो. एप्रिल २०२५ मध्ये झोमॅटोचे चिन्ह ‘इटर्नल’ झाले, पण बीएसईचा ५४३३२० कायम राहिला.

याचे नगरशी नाते असलेले एक उदाहरण सांगतो. नगरच्या फिरोदिया कुटुंबातले नवलमल फिरोदिया यांनी उभी केलेली बजाज टेम्पो ही कंपनी २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाली. तिचे एनएसईचे चिन्ह आता ‘फोर्समॉट’ आहे. पण बीएसईचा क्रमांक आहे ५०००३३. त्याच्या आधी ५०००३२ वर बजाज हिंदुस्थान आणि नंतर ५०००३४ वर बजाज फायनान्स. जुने क्रमांक आद्याक्षरांच्या ओळीने दिले होते, म्हणून दोन बजाजांच्या मधली तिची जागा अजून तशीच आहे. घरावरची पाटी बदलली, गल्लीतला घर नंबर बदलला नाही.

कधी एका कंपनीच्या दोन होतात. तेव्हा गोंधळ जास्त होतो. टाटा मोटर्सचे ऑक्टोबर २०२५ मध्ये असेच झाले. मोटारींचा धंदा एका कंपनीत आणि ट्रक-बसचा दुसऱ्या कंपनीत गेला. एका दिवसात भाव सहाशे साठच्या आसपास होता तो चारशेच्या आसपास दिसू लागला. आमच्या ओळखीतले एक ट्रकमालक घाबरून फोन करत होते, ‘साहेब, शेअर बुडाला!’ शेअर बुडाला नव्हता. ट्रकच्या धंद्याची किंमत त्यातून वेगळी झाली होती आणि त्या बदल्यात प्रत्येक शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर मिळणार होता. आता मोटारींच्या कंपनीचे चिन्ह ‘टीएमपीव्ही’ आहे आणि ट्रकच्या कंपनीचे ‘टीएमसीव्ही’. ज्याला ट्रकच्या धंद्यात भागीदार व्हायचे आहे त्याने शेवटून दुसरे अक्षर नीट वाचावे.

क्रॉम्प्टनचेही असेच. जुन्या क्रॉम्प्टन ग्रीव्हजमधून पंखे, दिवे आणि पंपांचा धंदा वेगळा झाला आणि २०१६ मध्ये त्याची स्वतंत्र नोंद झाली. तिचे चिन्ह ‘क्रॉम्प्टन’. मोटारी आणि ट्रान्सफॉर्मरची मूळ कंपनी झाली ‘सीजीपॉवर’. म्हणजे एमआयडीसीत ‘मी क्रॉम्प्टनचा शेअर घेतला’ असे कुणी म्हणाले, तर कुठला ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नावावर भुलणारे आपण एकटे नाही

२०२० च्या मार्चमध्ये सगळे जग घरात बसले आणि झूमवर बोलू लागले. अमेरिकेत लोकांनी झूमचे शेअर घ्यायला सुरुवात केली. पण व्हिडिओवाल्या झूमचे चिन्ह होते ‘झेडएम’. ‘झूम’ हे चिन्ह दुसऱ्याच एका लहान कंपनीचे होते, जिचा व्हिडिओशी काही संबंध नव्हता. तिचा भाव इतका चढला की तिथल्या सरकारी नियामकाला तिचे सौदे काही दिवस बंद ठेवावे लागले.

त्याहून दुःखद गोष्ट आपल्या मुंबईची. एप्रिल २०२१ मध्ये लोक ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रात्र रात्र रांगेत उभे होते. त्याच महिन्यात बाजारात बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स या शेअरचा भाव दुपटीहून अधिक झाला. नावात ऑक्सिजन आहे ना! पण या कंपनीने गॅसचा धंदा २०१९ मध्येच बंद केला होता. ती तेव्हा शेअर आणि फंडांत पैसे गुंतवणारी कंपनी होती. नावाचा पुढचा शब्द ‘इन्व्हेस्टमेंट्स’ हेच सांगत होता, पण लोकांनी पहिले दोन शब्द वाचले आणि तिसरा सोडला.

आता आपल्या टिळकनगरकडे या. १९३३ मध्ये महादेव डहाणूकर यांनी ही कंपनी काढली तेव्हा तिचे नाव होते महाराष्ट्र शुगर मिल्स. ऊस, साखर, गाड्यांच्या रांगा असे तेव्हाचे चित्र. पुढे साखर मागे पडली, मद्य पुढे आले आणि नाव टिळकनगर इंडस्ट्रीज झाले. आज मॅन्शन हाऊस ब्रँडीमुळे ती देशभर ओळखली जाते. कायद्याने चालणारा धंदा आहे, श्रीरामपूर तालुक्यातल्या अनेक घरांची चूल त्यावर पेटते, त्याबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. प्रश्न एवढाच की दारूच्या पैशात भागी नको असे ज्या घराने ठरवले आहे, त्या घराला ‘टीआय’ या दोन अक्षरांवरून काहीही कळत नाही. ‘इंडस्ट्रीज’ या शब्दावरूनही कळत नाही.

‘आयटीसी’ या तीन अक्षरांचेही तेच. घरात आशीर्वाद आटा येतो, पोरांसाठी बिस्किटे येतात. पण मूळ नावात ‘टी’ होता तंबाखूचा, आणि सिगारेटचा धंदा आजही त्या कंपनीचा मोठा धंदा आहे.

ट्रकच्या पाटीवर एमएच १७ लिहिलेले असते. त्यावरून गाडी श्रीरामपूरची एवढे कळते. आत साखर आहे की आणखी काही, ते ताडपत्री उचलूनच पाहावे लागते.

ताडपत्री कशी उचलायची?

शेअर घेण्याआधी दहा मिनिटे द्या. आम्ही आमच्या घरात आता ही पद्धत ठेवली आहे.

पहिले, चिन्हाखाली लिहिलेले कंपनीचे पूर्ण नाव वाचा, शेवटच्या शब्दापर्यंत.

दुसरे, एनएसई किंवा बीएसईच्या संकेतस्थळावर तेच नाव काढा आणि आयसिन जुळवा. भाव तुमच्या मोबाईलवर दिसतो तोच आहे का, हेही तिथेच कळते.

तिसरे, कंपनी काय विकते ते पाहा. वार्षिक अहवाल बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. सगळा वाचायची गरज नाही. कोणत्या मालातून किती पैसा आला, तेवढे पान शोधा.

चौथे, ज्यांना शरियतप्रमाणे पाहायचे आहे त्यांनी आणखी एक पायरी चढावी. धंदा हलाल असणे ही पहिली अट. दारू, जुगार, तंबाखू, आणि व्याजावरच चालणाऱ्या बँका आणि फायनान्स कंपन्या तिथेच गळतात. दुसरी अट पैशांची. कंपनीवर व्याजाचे कर्ज फार नसावे आणि व्याजाचे उत्पन्न अगदी थोडे असावे. किती, यावर वेगवेगळ्या मंडळांचे वेगवेगळे आकडे आहेत. कर्जासाठी साधारण एक तृतीयांशाच्या आत आणि हराम उत्पन्नासाठी पाच टक्क्यांच्या आत, अशी मोजपट्टी पुष्कळ ठिकाणी वापरतात. ही आकडेमोड आपल्याला करता आली नाही तरी हरकत नाही. एनएसईवर ‘निफ्टी५० शरिया’ आणि ‘निफ्टी५०० शरिया’ असे निर्देशांक आहेत, मुंबई बाजाराने २०१० मध्ये ‘तासिस’ या मुंबईच्या संस्थेबरोबर असाच निर्देशांक सुरू केला होता. त्यांत कोणत्या कंपन्या आहेत ते पाहता येते. मात्र ही यादी वेळोवेळी बदलते. गेल्या वर्षी होती म्हणून यंदा असेलच असे नाही.

आणि मनात शंका राहिली तर आपल्या भागातल्या जाणत्या मुफ्ती साहेबांना विचारा. त्यांना नुसते चिन्ह सांगू नका, कंपनीचा धंदा सांगा.

ज्याला चिन्हच नाही

आपल्या जिल्ह्यात ‘शेअर’ हा शब्द दलाल स्ट्रीटवरून आला नाही, तो उसाच्या फडातून आला. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून ‘आमचा कारखान्यात शेअर आहे’ हे वाक्य घराघरांत आहे. तो शेअर बाजारात विकला जात नाही, त्याला भाव नाही, चिन्ह नाही. तो सभासदत्वाचा दाखला आहे आणि शेअर कितीही असोत, मत एकच.

कदाचित या जुन्या विश्वासामुळेच आपल्याकडे ‘शेअर’ म्हटले की लोक फार चौकशी करत नाहीत. याचा फायदा घेणारेही आहेत. शेवगाव भागात शेअर बाजाराच्या नावाखाली महिन्याला ठराविक टक्के देण्याचे आमिष दाखवून लोकांच्या ठेवी गोळा केल्याच्या आणि नंतर पसार झाल्याच्या बातम्या २०२४ मध्ये आपण सर्वांनी वाचल्या. शेती विकून, दागिने मोडून लोकांनी पैसे दिले होते.

अशा माणसाला तीन प्रश्न विचारा. माझ्या पैशाने कोणत्या कंपनीचा शेअर घेणार? त्याचे चिन्ह काय? तो माझ्या नावाच्या डिमॅट खात्यात कधी दिसेल? ‘ते आमच्यावर सोडा, तुम्ही महिन्याचे टक्के घ्या’ असे उत्तर आले, तर तो शेअर नाही. तो व्याजाचा सौदा आहे, आणि मुद्दल परत येईल याचाही भरवसा नाही. शेअरच्या धंद्यात नफा आधी ठरवून देता येत नाही. जो देतो म्हणतो, त्याच्या ओट्यावर चहासुद्धा घेऊ नये.

मोबाईलवरची खोटी ॲपही आता निघाली आहेत. त्यांत खरी चिन्हे दिसतात, नफाही रोज वाढताना दिसतो, पण मागे काहीच नसते. खरा शेअर घेतला की सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिमॅट सांभाळणाऱ्या संस्थेच्या नोंदीत तो दिसतोच. तिथे दिसत नसेल तर तो नाही. दलालाचा सेबीकडचा नोंदणी क्रमांक ‘आयएनझेड’ने आणि सल्लागाराचा ‘आयएनए’ने सुरू होतो, तो सेबीच्या संकेतस्थळावर तपासा. फसवणूक झालीच तर लाजेपोटी गप्प बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. पहिले काही तास मोलाचे असतात.

भाच्याचे काय झाले?

दुसऱ्याच दिवशी बाजार उघडताच त्याने छत्तीस शेअर विकले. दलाली वगैरे जाऊन मुद्दलावर दोन हजार तीनशे रुपये सुटले होते. शिवाय लाभांशाचे थोडे. गंमत पाहा, शेअर चुकीचा होता आणि नफा झाला होता. तोटा झाला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. नफ्याने प्रश्न उभा केला.

भाच्याने जुम्म्याच्या नमाजनंतर इमाम साहेबांना सगळे सांगितले. ते म्हणाले, “तुझं मुद्दल तुझं आहे. वरचे पैसे गरजूला दे, पण सवाबची नियत ठेवू नकोस. ते पैसे तुझे नव्हतेच, मग सवाब कशाचा?” हा त्यांनी त्याला, त्याच्या गोष्टीपुरता दिलेला सल्ला. कुणाच्या बाबतीत काही वेगळे असेल तर त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे.

एमआयडीसीतल्याच एका बिहारी कामगाराच्या मुलीच्या शाळेची फी राहिली होती. पैसे तिथे गेले. भाच्याने कुणाला नाव सांगितले नाही.

आपा मात्र थोडी नाराज होती. तिला पैशाचे वाईट वाटले नव्हते. “मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, मक्केला जायचं ते कसल्या पैशाने जायचं,” ती म्हणाली. “तिकीट एक वर्ष उशिरा निघालं तरी चालेल.” मुद्दलाचे नऊ हजार तिने वेगळ्या डब्यात ठेवून दिले आणि भाच्याला बजावले, यापुढे काही घ्यायचे तर आधी अब्बांना पूर्ण नाव वाचून दाखवायचे. दुल्हाभाईंना शेअरमधले काही कळत नाही. पण कोणता कारखाना काय बनवतो, हे जिल्ह्यात त्यांच्याइतके क्वचितच कुणाला ठाऊक असेल.

तेव्हा वाचकहो, या महिन्यात एक काम करा. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या डिमॅट खात्यात जे शेअर असतील त्यांची यादी एका वहीत काढा. पहिल्या रकान्यात चिन्ह, दुसऱ्यात पूर्ण नाव, तिसऱ्यात आयसिन, आणि चौथ्यात एकाच ओळीत लिहा, ही कंपनी काय विकते. चौथा रकाना ज्या शेअरपुढे भरता येणार नाही, त्याची चौकशी आजच सुरू करा. ही वही घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असू द्या. माणूस गेल्यावर त्याचे शेअर कुठे आहेत हे बायकामुलांना माहीत नसते, अशी घरे आम्ही पाहिली आहेत.

पुढच्या अंकात याच धाग्याने पुढे जाऊ, इन्शाअल्लाह. वडिलांच्या पेटीत सापडलेले जुने कागदी शेअर डिमॅटमध्ये कसे आणायचे आणि वारसांच्या नावावर कसे करायचे, ते पाहू. तुमच्याकडे असे कागद असतील तर त्यावरचे कंपनीचे नाव आम्हाला जरूर कळवा. नाव बदललेले असले तरी शोध लागतो.